रंगाचा उतारा

मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ चे 'ग्रामयात्रा' हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटींना गेले, याबद्दल अंकुशनगर पंचक्रोशीतील समस्त ऊस उत्पादकांतर्फे हार्दिक अभिनंदन. हुसेन जन्माने पंढरपूरचे, म्हणजे आपलेच. शिवाय चित्रातल्या एका चौकटीत शेतकरी उभा आहे. शेतकऱ्याला अखेर भाव मिळाला. कॅनव्हासवर जाऊन उभे राहण्याचीच काय ती खोटी होती.

हे चित्र कित्येक दशके ओस्लोच्या इस्पितळात टांगून होते. तेवढ्या काळात रंग वाढला नाही, रेषा वाढली नाही, वाढली ती किंमत. आपला ऊस तोडल्यावर चार दिवस फडात राहिला तर वजन घटते. यात दोष अर्थातच उसाचा. त्याला दुर्मीळ होता आले नाही.

तरीही समान न्याय म्हणून कलेला उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, लागू व्हावी, ही नम्र सूचना. २०२५-२६ चा दर १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. चित्र काट्यावर चढवावे, चौकट पाचट म्हणून वजा करावी, सौंदर्याचा उतारा प्रयोगशाळेत काढावा. संस्कृती निघालीच तर ती मळीत धरावी. (११८ कोटींसाठी सव्वातीन लाख टनांवर चित्रे गाळावी लागतील, हंगाम लांबेल.)

निर्माता गेल्यावर भाव चढतो, हा कलाबाजारातला नियम मात्र आपल्याकडे आणण्याची गरज नाही. आत्महत्येचे प्रकरण पात्र ठरले, की वारसांना एक लाख मिळतात.