पोस्ट न काढता स्थिरावण्याची शास्त्रोक्त पद्धत

राज्यसेवा परीक्षा पास कशी व्हावी, यावर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात इतकी पुस्तकं मिळतात की ती सगळी वाचायची तर लोकसेवा आयोगाकडून वयोमर्यादा वाढवून घ्यावी लागेल. पास न झाल्यास पुढे काय करावं, यावर मात्र एकही पुस्तक नाही. वास्तविक गिऱ्हाईक याच पुस्तकाला जास्त. पदं शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, तेव्हा उरलेल्यांची सोय कुणीतरी लावायला हवीच. ती येथे लावून देत आहोत.

पूर्वतयारी : घरी 'एकच वर्ष देतो' असं सांगून निघावं. कोणतं वर्ष, हे सांगू नये. सदाशिव किंवा नवी पेठेत कॉट बेसिसवर जागा घ्यावी. कॉट तुमची, पंखा सगळ्यांचा, आणि भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा तुमच्याआधी नापास होऊन गेलेल्या मुलाचा. तो काढू नये. राज्यव्यवस्थेसाठी लक्ष्मीकांतचं पुस्तक विकत घ्यावं आणि पहिली पन्नास पानं तीन रंगांत रंगवावीत. पुढची पानं कोरी राहतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्यामुळे जुनी प्रत विकताना किंमत चांगली येते.

पायरी पहिली, पूर्व परीक्षेत जाणे : ही सोपी आहे. चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराची कमाई जाते, एवढा एक नियम मन लावून पाळला तरी काम होतं. किती मार्कांनी गेली असं कुणी विचारलं तर 'दोन' म्हणावं. पेठेत आजवर कुणीही दोनपेक्षा जास्त मार्कांनी गेलेलं नाही.

पायरी दुसरी, थांबणे : इथे उमेदवाराचा खरा कस लागतो, आणि आयोगाइतकं कसून शिक्षण कुठलाही क्लास देत नाही. १४ मार्च २०२१ ची पूर्व परीक्षा ११ मार्चला पुढे ढकलली गेली, तेव्हा मुलं शास्त्री रोडवर उतरली आणि ती परीक्षा २१ मार्चला झाली. आठवड्याचाच प्रश्न होता, असं आज वाटतं. कारण २०२४ ची पूर्व २८ एप्रिलला ठरली होती, ती सरकत सरकत २५ ऑगस्टवर आली, त्या दिवशी बँकेची परीक्षा निघाली म्हणून पुन्हा आंदोलन झालं, आणि पेपर अखेर १ डिसेंबरला हाती पडला. मधल्या काळात उमेदवाराने काय करावं? चालू घडामोडी वाचाव्यात. त्या शिळ्या झाल्या की नव्या वाचाव्यात.

याच पायरीवर अभ्यासक्रम बदलतो. वर्णनात्मक पद्धत २०२३ पासून येणार असं ठरलं, मुलांनी रस्त्यावर बसून ती २०२५ पर्यंत लांबवून घेतली. नव्या पद्धतीत मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ मिळून एकूण गुण होतात २०२५. वर्षाइतकेच गुण ठेवण्यामागे आयोगाचा काही हेतू असेल असं आम्हाला वाटत नाही, पण हा योगायोग पेठेत बरेच दिवस चघळला गेला. थांबलेल्या माणसाला चघळायला काहीतरी लागतंच.

पायरी तिसरी, गावाकडचे फोन : ते उचलावेत. 'निकाल कधी आहे?' याला 'हरकती मागवल्यात' हे उत्तर वर्षभर पुरतं. मुलींनी मात्र ही संपूर्ण पद्धत आखूड करून वापरावी. खुल्या प्रवर्गासाठी आयोगाची वयोमर्यादा ३८ असली तरी मुलींच्या घरची पंचविशीतच भरते, आणि त्या निर्णयावर हरकत नोंदवायला लिंक दिलेली नसते.

पायरी चौथी पुढे ढकलण्यात आली आहे. सुधारित तारीख यथावकाश कळवण्यात येईल.

पायरी पाचवी, व्यवसायाने तुम्हाला शोधणे : याची लक्षणं ओळखायला शिकावं. टपरीवर चहा घेताना नवीन मुलं 'सर, इतिहासाला कुठलं पुस्तक वापरू?' असं विचारू लागली की पहिलं लक्षण. मेसवाले काका लग्नाला जाताना किल्ली तुमच्याकडे देऊन गेले की दुसरं. तिथे खुशाल मेस चालवून पाहावी. चार वर्षं डबा खाल्लेल्या माणसाला आमटीत पाणी किती चालतं, रविवारी दुपारी गोड का लागतं आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असली की पोरांचे किती हाल होतात, हे कुणी शिकवावं लागत नाही. रविवार संध्याकाळ चालू ठेवणाऱ्याचं पेठेत कधी वाईट झालेलं आम्ही पाहिलं नाही.

अभ्यासिकेचा धंदाही बरा. एक हॉल भाड्याने घ्यावा, प्लायवूडचे कप्पे पाडावेत, प्रत्येक कप्प्यात एक प्लग द्यावा. स्वतःला ज्या खुर्चीत पाठ लागली ती खुर्ची विकत घेऊ नये, एवढाच अनुभवाचा उपयोग. 'फोन बाहेर जाऊन बोला' ही पाटी मात्र लावावी, ती सगळे वाचतात.

एका धंद्यापासून सावध करणं आमचं कर्तव्य आहे : प्रेरणादायी व्याख्यान. स्वतः सहा वेळा अपयश आलेला माणूस स्टेजवर चढून तीनशे मुलांना 'प्लॅन बी ठेवू नका, तो असला की प्लॅन ए होत नाही' असं सांगतो, आणि त्याचं मानधन हाच त्याचा प्लॅन बी असतो. हे आम्हाला पटत नाही. मेसवाल्याची आमटी पातळ असेल, पण ती पोटात जाते.

सगळ्यात दुर्लक्षित मार्ग शेवटी. पुण्यातून बॅग भरून जो गावी परततो त्याला लोक हरलेला समजतात. त्याने चार वर्षांत काय कमावलं ते पाहा. शासन निर्णय निघाला की तो खालची तारीख आधी वाचतो. उत्तरतालिकेवर पुराव्यासह हरकत कशी घ्यायची, माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, कुठल्या कलमाखाली कुणाकडे अपील जातं, हे त्याला पाठ आहे. असा माणूस तालुक्याला तहसील कचेरीसमोर एक टेबल, प्रिंटर आणि लॅमिनेशनचं यंत्र घेऊन बसला की महिन्याभरात त्याच्यापुढे रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पीकविमा. ज्याला तहसीलदार व्हायचं होतं तो तहसीलच्या दारात बसतो, आणि आतल्या कारकुनाला अडलं की कारकूनही चहाच्या निमित्ताने त्याच्याकडेच येतो. इथे लाल दिवा नाही, शिपाई नाही, आणि बदलीही नाही. सकाळी नऊला लोक उभे असतात. आयोगाने त्याला मुलाखतीला कधी बोलावलं नाही, इथे मात्र रोज म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पन्नास प्रश्न झेलावे लागतात, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापून भागत नाही, त्या माणसाचं वर्षाचं अनुदान जातं. म्हणून तो सहसा चुकत नाही.

तेव्हा त्याच्याकडे जाणार असाल तर आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळतंय का, एवढं घरूनच बघून जा. सर्व्हर अकरानंतर चालत नाही.