वेगळी चूल, सामाईक तिजोरी

क्वेबेकमध्ये तिसऱ्या सार्वमताचे पडघम पुन्हा वाजू लागले आहेत. सत्ता मिळाली तर २०३० च्या आत ते घेऊच, असं वचन पार्ती क्वेबेक्वा या पक्षाने देऊन ठेवलं आहे. कॅनडाच्या या फ्रेंचभाषक प्रांताने वेगळं व्हावं की नाही, यावर साठ वर्षांत ढिगाने ग्रंथ लिहिले गेले. माझी शंका वेगळीच आहे. वेगळं व्हायचं का, हा प्रश्न तिथल्या मतदाराला अजून कोणी सरळ विचारलेलाच नाही, आणि विचारण्याची हौस मिरवणाऱ्यांना तो सरळ विचारायचाही नाही. वेगळं होण्याची धमकी हा क्वेबेकचा सर्वांत किफायतशीर उद्योग आहे. चालता धंदा कोण आपल्या हाताने बंद करतो?

पुरावा मतपत्रिकेवरच छापलेला आहे. १९८० साली रेने लेव्हेक यांच्या पार्ती क्वेबेक्वा सरकारने मतदारापुढे शंभरावर शब्दांचा एक प्रश्न ठेवला. वाचता वाचता दम लागावा असा. त्याचा मथितार्थ इतकाच, की कॅनडाशी वाटाघाटी करायला आम्हाला परवानगी द्या; चलन दोघांचं एकच राहील; आणि वाटाघाटींतून काही निघालंच तर पुन्हा एकदा तुम्हाला विचारू. म्हणजे सार्वमत कशासाठी, तर पुढच्या सार्वमताच्या दिशेने बोलणी सुरू करण्यासाठी. तरीही जवळजवळ ६० टक्के लोक नाही म्हणाले. १९९५ साली त्याच पक्षाचे मुख्यमंत्री जॅक पारिझो यांनी प्रश्न आखूड केला, पण त्यातही कॅनडापुढे ‘भागीदारी’चा प्रस्ताव ठेवण्याची गोष्ट होतीच. सोबतच्या विधेयकात सार्वभौम क्वेबेकचं चलन म्हणून कॅनडाचाच डॉलर होता, आणि नव्या नागरिकांना कॅनडाचं नागरिकत्व ठेवण्याचीही मुभा होती. चूल वेगळी मांडायची, पण सिलिंडर थोरल्याच्याच नावावर ठेवायचा, असा हा बेत. तो ५४,२८८ मतांनी हुकला. बाद ठरलेल्या मतपत्रिका त्याहून जास्त, ८६ हजारांवर होत्या. हे सारं चालू असताना देश मोडायला निघालेला ब्लॉक क्वेबेक्वा हा पक्ष ओटावाच्या संसदेत ५४ जागा जिंकून अधिकृत विरोधी पक्ष म्हणून बसला होता. त्या पदाचं तेव्हाचं रीतसर नाव ‘राणीसाहेबांचा एकनिष्ठ विरोधी पक्ष’ असं होतं. निष्ठेची याहून खडतर परीक्षा क्वचितच कोणी दिली असेल.

धमकीने काय मिळवून दिलं, ते मोजून पाहू. सगळंच तिच्या खात्यावर टाकता येणार नाही. पेन्शन योजना वेगळी झाली तेव्हा पार्ती क्वेबेक्वाचा जन्मही व्हायचा होता. पण पुढची यादी बोलकी आहे. क्वेबेकला वेगळी ओळख देणारा घटनादुरुस्तीचा मीच लेक करार १९९० मध्ये बारगळला, तिथले लोक खवळले, आणि १९९१ मध्ये स्थलांतरितांची निवड करण्याचे मोठे अधिकार क्वेबेकच्या पदरात पडले. २००६ मध्ये क्वेबेकवासी हे ‘अखंड कॅनडातलं एक राष्ट्र’ असल्याचा ठराव संसदेने केला. त्याच वर्षी युनेस्कोतल्या कॅनडाच्या शिष्टमंडळात क्वेबेकला कायमचा प्रतिनिधी मिळाला. आयकर हा प्रांत स्वतः गोळा करतो, त्यामुळे तिथल्या माणसाला दर वर्षी दोन विवरणपत्रं भरावी लागतात. सार्वभौमत्वाचा हा भाग करदात्यांना किती रुचतो, ते कोणी विचारत नाही. पॅरिसमध्ये क्वेबेकचं प्रतिनिधी कार्यालय आहे, तसं आपल्या मुंबईतही आहे. आणि मागास प्रांतांना केंद्राकडून जी समानीकरणाची रक्कम मिळते, तिच्यातला निम्म्याहून मोठा वाटा, २०२४-२५ मध्ये १३ अब्ज डॉलरहून अधिक, एकट्या क्वेबेकला गेला. यावर क्वेबेकची बाजू घेणारे म्हणतात, की आम्हीही केंद्राला कर भरतो, आणि दरडोई हिशेब केला तर अटलांटिक किनाऱ्यावरच्या बहुतेक छोट्या प्रांतांना जास्त मिळतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या छोट्या प्रांतांना दर निवडणुकीला देश सोडण्याची भाषा करावी लागत नाही, आणि त्यांना कोणी राष्ट्रही म्हणत नाही.

भाषेचा मुद्दा मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. इंग्रजी बोलणाऱ्या अफाट खंडात नव्वद लाखांचा हा प्रांत फ्रेंच टिकवून आहे, आणि मॉन्ट्रिऑलमध्ये बहुसंख्य फ्रेंच असूनही पैशाची भाषा इंग्रजी होती, हा इतिहास फार जुना नाही. पण ते चित्र पालटलं कशाने? १९७७ च्या भाषा कायद्याने. स्थलांतरितांची मुलं फ्रेंच शाळांत आली, दुकानांच्या पाट्या बदलल्या, आणि हे सगळं कॅनडात राहूनच घडलं. उत्साह तर इतका, की फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या लाल अष्टकोनी पाटीवर ‘स्टॉप’ लिहिलेलं चालतं. क्वेबेकमध्ये तिथे फ्रेंच ‘आरे’ असतं. पॅरिसमध्ये केएफसी म्हणूनच विकली जाणारी कोंबडी मॉन्ट्रिऑलमध्ये ‘पीएफके’ होते. २०१३ मध्ये भाषा कार्यालयाच्या निरीक्षकांनी एका इटालियन उपाहारगृहाच्या मेन्यूकार्डातल्या ‘पास्ता’ या शब्दावरच बोट ठेवलं. जगभर हसं झालं, तेव्हा सरकारी माघार झाली. पास्त्याला नोटीस काढण्याइतकी सत्ता ज्याच्या हातात आहे, त्याला आणखी कोणतं सार्वभौमत्व हवं आहे? आणि उद्या सीमेवर नवा झेंडा लागला म्हणून अमेरिका काही दूर सरकणार नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की राष्ट्र म्हणजे किराणा दुकानाची चोपडी नव्हे. तिथे स्वाभिमानाचा प्रश्न असतो. मान्य. १९८२ ची राज्यघटना क्वेबेकच्या संमतीविना लागू झाली आणि त्या प्रांताने आजवर तिला संमती दिलेली नाही. ही जखम खरी आहे. क्वेबेकपेक्षा कमी लोकसंख्येचे डेन्मार्क आणि नॉर्वे सुखाने नांदतात, तेव्हा ‘जमणार नाही’ असंही कोणी म्हणू नये. पण स्वाभिमानाची किंमत सांगताना आवाज खाली का जातो? चेक आणि स्लोव्हाक १९९३ च्या १ जानेवारीला वेगळे झाले. त्यांचंही काही काळ चलन सामाईक ठेवायचं ठरलं होतं. ते फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच टिकलं. तरीही दोन्ही देश पुढे नीट उभे राहिले. म्हणजे बाहेर पडून जगता येतं, पण दुसऱ्याच्या नोटांवर भरवसा ठेवून नव्हे. मतदाराला हे आधीच सांगितलं, तर होकार किती उरेल, ही खरी भीती.

शिवाय स्वयंनिर्णयाची भाषा एकदा सुरू झाली, की ती प्रांताच्या सीमेवर थांबत नाही. १९९५ च्या सार्वमताआधी सहा दिवस उत्तरेकडच्या क्री आदिवासींनी स्वतःचं मतदान घेतलं आणि ९६ टक्क्यांनी क्वेबेकबरोबर बाहेर पडायला नकार दिला. जेम्स बेचे अवाढव्य वीजप्रकल्प त्यांच्याच नद्यांवर उभे आहेत. तेव्हापासून क्वेबेकमध्ये एक अजब सिद्धांत ऐकू येतो: कॅनडाचे तुकडे होऊ शकतात, क्वेबेकचे मात्र नाही.

ओटावाकरांना या खेळात सोवळं ठरवण्याचं कारण नाही. १९९५ च्या धसक्यानंतर क्वेबेकमध्ये कॅनडाप्रेम वाढवण्यासाठी त्यांनी झेंडे आणि जाहिरातींवर सुमारे २५ कोटी डॉलर उधळले. त्यातले १० कोटींच्या आसपास जाहिरात कंपन्यांच्या फी आणि कमिशनमध्ये गेल्याचं महालेखापरीक्षकांनी २००४ मध्ये उघड केलं, आणि त्याच प्रकरणाने लिबरल सरकारची पाळंमुळं खिळखिळी केली. दरम्यान २००० साली केंद्राने कायदा केला, की पुढच्या वेळी प्रश्न स्पष्ट हवा आणि बहुमतही स्पष्ट हवं. क्वेबेकने त्याच वर्षी आपला प्रतिकायदा करून निम्म्याहून एक मत जास्त पडलं की पुरे, असं लिहून टाकलं. स्पष्ट बहुमत म्हणजे किती टक्के, याचा आकडा केंद्राच्या त्या स्पष्टता कायद्यात आजही नाही.