धूरपंथी

सिंगल माल्ट पिणाऱ्यांत पोटजाती पुष्कळ, पण धूरपंथी सर्वांत कडवा. इतरांना ग्लासात मध, फुलं, सुकामेवा सापडला की भरून येतं. याला इस्पितळ आठवावं लागतं. त्याची काशी म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं आयला बेट (उच्चार असाच आहे, राग मानू नये). तिथे दक्षिण किनाऱ्यावर लाफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या डिस्टिलऱ्या ओळीने उभ्या आहेत. मोड आणलेली बार्ली वाळवताना खाली पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेला झाडपाला. त्याच्या धुरातली फिनॉल्स दाण्यात मुरतात आणि व्हिस्कीला डांबराचा, आयोडीनचा, बँडेजचा वास येतो. धूरपंथी हे आधी सांगत नाही. आधी ग्लास पुढे करतो आणि पाहुण्याच्या चेहऱ्यावर नजर रोखून बसतो.

व्हिस्कीइतकाच त्याला तोंड वाकडं करणारा माणूस लागतो, असं माझं ठाम मत आहे. पुरावा त्याच्या लाडक्या आकड्यात, म्हणजे पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) आहे. ऑक्टोमोर या व्हिस्कीची 8.3 ही आवृत्ती तब्बल 309ची, हे तो घरच्याच मुलाचे मार्क सांगावेत तसं सांगतो. वास्तविक हे मोजमाप बार्लीतल्या फिनॉल्सचं. बरीचशी फिनॉल्स चोथ्यात आणि ऊर्ध्वपातनात मागे राहतात, उरलेला धूर पिंपात वर्षानुवर्षं निवळत जातो. ग्लासात किती उतरलं, ते हा आकडा सांगतच नाही. धूरपंथी अडाणी नसतो, त्याला हे पाठ असतं. तरी आकडा सुटत नाही, कारण ‘धूर छान मुरलाय’ म्हटल्याने कोणी दचकत नाही, 309 म्हटल्याने दचकतं. लाफ्रॉइगवाल्यांनी ही नस बरोबर ओळखली आणि लोकांनी केलेली निंदाच आपल्या जाहिरातींत वापरली.

कुणी म्हणेल, बिचाऱ्याला मनापासून आवडते, त्यात दिखावा कसला? आवडते हे मान्य. धूर आपल्या जिभेलाही परका नाही. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आपण बोटं चाटून खातो. पण भरीत वाढणारी गृहिणी पाहुण्याला कधी ठसका लागतोय याची वाट बघत बसत नाही. दुसरा बचाव मातीचा आणि समुद्राचा: ती चव त्या बेटावरच येते म्हणे. आता आयलावर गाळलेल्या व्हिस्कीची कितीतरी पिंपं बेटावर नव्हे, मुख्य भूमीवरच्या गोदामांत मुरतात, ही गोष्ट निघाली की स्वारी विषय बदलते. गोव्यात पॉल जॉन ही डिस्टिलरी स्कॉटलंडचाच पीट वापरून धुरकट माल्ट करते. ती चाखून हा म्हणणार, ‘चांगली आहे, पण समुद्र लागत नाही.’ गोव्यात!

त्याची खरी पंचाईत होते ती पाहुणा पहिल्याच घोटाला खुलला आणि ‘वा, आणखी थोडी चालेल’ म्हणाला की. मग तो मुकाट्याने उठतो आणि कपाटातून जास्त आकड्याची बाटली काढतो.