नखभर नियम

लग्नसराई आली की ती आयसीयूतही कळते. ड्यूटीवरच्या बोटांना ॲक्रिलिकची लांबसडक नखं फुटतात, वर चकाकी, अनामिकेवर एक खडा. शनिवारच्या हळदीसाठी पार्लरमध्ये चांगले पैसे मोजून केलेलं नेल एक्स्टेन्शन सोमवारी काढून फेकायला कोणाचा जीव होईल? मग त्याच नखांनी शीर शोधायची, कॅथेटर धरायचा, पेटीतल्या बाळाचा लंगोट बदलायचा. काही म्हणायला जावं तर उत्तर तयार, “ग्लोव्हज घालतेच की!” ग्लोव्हज बिचारे बोलत नाहीत, टोक लागलं की मुकाट फाटतात.

हात धुऊन भागतं म्हणावं, तर तेही नाही. खोट्या नखांच्या हातांवर धुण्याआधी आणि धुतल्यानंतरही जंतू जास्त सापडतात, हे तपासून झालंय. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीतल्या एका नवजात अतिदक्षता विभागात १९९७-९८ मध्ये पंधरा महिन्यांत ४६ बाळांना स्यूडोमोनास जंतूने गाठलं, त्यातली १६ दगावली. माग दोन नर्सच्या हातांपर्यंत पोचला. एकीची नखं खोटी होती, दुसरीची लांब, पण स्वतःची. अभ्यासकांनी जपूनच लिहिलं की, नखांचा हातभार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली एवढं जपून लिहिलं नाही. रुग्णाला हात लावणाऱ्याने खोटी नखं लावू नयेत, स्वतःची अर्ध्या सेंटीमीटरच्या आत ठेवावीत. संपलं.

आपल्याकडेही मॅट्रनबाई शाळेतल्या बाईंसारख्या सिस्टरांचे हात पालथे करून बघतात. उत्तम करतात. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांचा राउंड येतो. एका बोटात पुष्कराज, दुसऱ्यात पोवळं, मनगटावर सत्यनारायणाचा लाल दोरा. हा दोरा मूळचा लाल होता, हे आता ऐकूनच मानायचं. तो मेडिकल वॉर्डातून सर्जिकलला, तिथून थेट आयसीयूत फिरतो. अंगठीखालच्या कातडीत जंतू ठाण मांडतात, हेही तपासून झालंय. पण मॅट्रनबाईंना नेमका त्याच वेळी सलाईनचा स्टँड वाकडा दिसतो!

कंत्राटी सिस्टरला मेमो आणि साहेबांच्या पुष्कराजाला नमस्कार, हा काही जंतूंविरुद्धचा नियम नव्हे. मॅट्रनबाई, पुढच्या तपासणीला साहेबांनाही रांगेत उभं करा. दोरा कापायला कात्री ट्रॉलीवर असतेच.