तेव्हा तो कुणीच नव्हता

लग्नाच्या पंगतीत कुणी सचिनचं नाव काढलं, की एक गृहस्थ मठ्ठ्याची वाटी खाली ठेवतात. आता ते 'सच्या' म्हणणार हे पंगतीला कळतं. हा एवढासा होता, आचरेकर सर ओरडत असायचे, आणि हे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. त्या कट्ट्यावर बसून सचिनला ओळखलेल्या सगळ्यांना जागा द्यायची तर कट्टा विरारपर्यंत न्यावा लागेल. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची अखंड भागी केली, तीही यांनी पहिल्या धावेपासून पाहिलेली असते. आता हा सामना झाला ते आझाद मैदान म्हणजे एका सामन्याचा कव्हर दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा. त्या गर्दीत शाळकरी पोरांचा डाव शेवटपर्यंत कोण बघतं? स्कोअरर, तोही नाइलाजाने.

तरीही गृहस्थांना थापाडे ठरवण्याची घाई नको. हिशेब त्यांच्याच बाजूने आहे. प्रसिद्ध होण्याआधी माणसं कुठेतरी असतातच, आणि बहुधा चारचौघांतच असतात. बंगळूरच्या बसमध्ये शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी कंडक्टर तिकिटं फाडत होता. १९७५ मध्ये के. बालचंदर यांनी त्याला रजनीकांत म्हणून पडद्यावर आणलं. त्याच्या हातून सुटे पैसे घेतलेले प्रवासी काही थोडे नसणार. तेव्हा भेट झाली, हे मान्य करून टाकावं. खोटी असते ती नजर. सुट्ट्यांवरून हुज्जत घालणारा प्रवासी कंडक्टरच्या तोंडाकडे बघतच नाही, नाणी मोजतो. पुढे गावभर पोस्टरं लागली की त्याला आठवायला लागतं, 'तिकीट द्यायची ढबच निराळी होती हो!' ही ढब त्याने थिएटरात पाहिलेली असते, बसमध्ये नव्हे.

यावर कुणी म्हणेल, पारखी माणसं जगात असतातच की. असतात ना. 'बेस्ट'च्या बसमध्ये बद्रुद्दीन काझी नावाचा कंडक्टर प्रवाशांना हसवायचा. ते बलराज साहनींनी हेरलं आणि त्याला गुरुदत्तकडे पाठवलं. १९५१ च्या 'बाजी'त तो दिसला आणि पुढे जॉनी वॉकर झाला. साहनींनी ओळखलं ते तो कंडक्टर असताना, आणि ओळखल्याबरोबर काहीतरी केलंही. आमच्या गृहस्थांनी काय केलं, तर पुढली तीस वर्षं वाट पाहिली. शिवाय त्याच नेटमध्ये घाम गाळणाऱ्या इतर पोरांपैकी कोण होतकरू होतं, हे विचारा. एक नाव निघत नाही. ज्यांचं पुढे काही झालं नाही, त्यांना यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

मात्र पुराव्याच्या बाबतीत गृहस्थ तयारीचे असतात. फोटो नाही, सही नाही, पण उधारी आहे! 'अजून एक वडापाव बाकी आहे त्याच्याकडे.' हा पुरावा बिनतोड आहे, कारण तो पडताळायला सचिनच्या दारात कोण जाणार? आणि देणेकरी कितीही मोठा झाला तरी घेणेकऱ्यापुढे जरा वाकूनच उभा राहतो, ही सोय वेगळीच. मग मागून का घेत नाही, असं विचारलं तर ते हळूच म्हणतात, 'आता बरं दिसत नाही.'