नोडल सर

जाफराबादेत कुणी तिपाई रोवली की पहिला प्रश्न येतो, "मोजणी आहे का?" २०२४ मध्ये जालना-जळगाव रेल्वेमार्गाला मंजुरी मिळाल्यापासून तर विचारूच नका. केळना-पूर्णेच्या संगमावर सरांनी यंत्र उभं केलं की पाच-सहा शेतकरी आपापला गट नंबर सांगून जातात. सर म्हणतात, "फोटो काढतोय." कुणाला पटत नाही. फोटोला एवढा वेळ लागतो होय?

लागतो. मोबाईलमध्ये अख्खा काठ एका क्लिकमध्ये मावतो, पण सरांना काठावरच्या लिंबाचं पान न् पान हवं असतं. म्हणून लांब पल्ल्याची लेन्स, २० उभ्या रांगा, १० आडव्या, एकूण २०० फोटो. प्रत्येक फोटो शेजारच्याच्या हद्दीत एक तृतीयांश घुसलेला. हे मात्र गावाला न समजावता कळतं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून सगळं जोडून होतात दोनशे कोटींवर ठिपके. तोवर ढग सरकतो आणि आभाळाला ठिगळं पडतात.

कॅमेरा फिरवताना जवळचा खांब आणि लांबचं झाड एकमेकांपासून सरकू नयेत, तर तो लेन्समधल्या एका नेमक्या बिंदूभोवती फिरवावा लागतो. फोटोग्राफर त्याला नोडल पॉइंट म्हणतात. (शास्त्र तो शब्द चूक ठरवतं, पण ऐकतो कोण?) सर चहाच्या हॉटेलात प्रात्यक्षिक देतात. "अंगठा समोर धरा. एक डोळा मिटा. आता दुसरा. हलला की नाही?" तिथूनच हे नाव पडलं. आता नोडल म्हटल्यावर अधिकारीच असणार. एकाने पीकविम्याची तक्रार पुढे केली.

सरांचं दैवत म्हणजे गिगापॅन. मंगळावर २००४ मध्ये उतरलेल्या गाड्यांच्या फोटोतंत्रावरून कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि नासाच्या लोकांनी घडवलेलं, कॅमेरा आपोआप फिरवणारं यंत्र. ओबामांच्या २००९ च्या शपथविधीला डेव्हिड बर्गमन यांनी त्यावर २२० फोटो काढून १,४७४ मेगापिक्सेलचं चित्र केलं. हा आकडा सरांना तोंडपाठ. बायकोचा फोन नंबर नाही.

यंत्र परवडलं नाही. मग ग्रिलवाल्याकडून पट्टी वाकवून घेतली आणि मुलाच्या कंपासमधला कोनमापक खाली चिकटवला. मुलगा भूमितीच्या पेपरला शेजाऱ्याचा मागून बसला. फोटो जोडायला हगिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते नाव सर चारचौघांत घेत नाहीत.

एकदा शाळेचा सामूहिक फोटो घेतला. कॅमेरा रांगेवरून सावकाश सरकत होता आणि दोन पोरं मागून पळत जाऊन दुसऱ्या टोकाला पुन्हा उभी राहिली. अमेरिकेतल्या पोरांनी गेल्या शतकात फिरत्या सर्किट कॅमेऱ्यापुढे हेच उद्योग केले होते, त्यामुळे सर फारसे रागावले नाहीत. मुख्याध्यापक तर खूश. पट दोनने वाढला होता.

अखेर संगमाचं चित्र घेऊन सर फ्लेक्सच्या दुकानात गेले. ३०० डीपीआयने छापायचं तर २२ फूट बाय ७ फूट.

"कुणाचा वाढदिवस?" दुकानदाराने विचारलं.

"कुणाचाच नाही. संगम आहे."

त्याने चित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पान न् पान दिसत होतं. "वरती आभाळ लय रिकामं हाय सर," तो म्हणाला, "शुभेच्छुक तिथं बसवू का?"