लाकूड की प्लॅस्टिक?
कोलाडला कुंडलिका नदीत वल्हं मारणारे आमचे एक स्नेही सध्या धर्मसंकटात आहेत: कनू लाकडाची घ्यावी की आधुनिक? लाकडाला म्हणे आत्मा असतो. असेल, पण तो दरसाल वॉर्निश मागतो. पॉलिइथिलीनची कनू खडकावर आपटली तरी हसते, खांद्यावर घेतली की मात्र हसू आपलं होतं. केवलारची हलकी, खिसाही तितकाच हलका करते. कोकणातल्या कोळ्यांनी आंब्याची खोडं कोरून, काजूच्या टरफलांचं तेल चोपडून पिढ्या काढल्या. आता बरेचसे फायबरवर खूश आहेत. लाकडाचा गहिवर येतो तो पुण्या-मुंबईहून, शनिवारी. आणि कुंडलिकेचं पाणी? ते वरच्या वीजप्रकल्पातून सकाळी सुटतं. नाही सुटलं, तर दोन्ही कनू गोट्यांवर सारख्याच शोभतात.